अनध्याय

वैशाख सरत आला की आमच्या आदिलाबादच्या न्यायालयाच्या आवारातील गर्दी ओसरू लागते. पारा ४५ अंशांच्या घरात जातो, दिवाणी न्यायालये उन्हाळ्याच्या सुटीसाठी बंद होतात, आणि वर्षभर तारखांच्या मागे धावणारे आम्ही वकील काही आठवडे बिनतारखेचे होतो. या सुटीबद्दल आम्हांस आजवर कोणी दोष दिलेला नाही व आम्हीही स्वतःस दिलेला नाही. परंतु याच आठवड्यांत घरी मेजावर एखादा अर्धवट लेख पडलेला असतो. त्याच्याकडे पाठ करून दुपारी घटकाभर आडवे व्हावे, तर मनास टोचणी लागते. वकिलाला विश्रांती घेताना संकोच वाटत नाही; तोच मनुष्य लेखक म्हणून विसावू पाहतो तेव्हा त्याला अपराध्यासारखे वाटते. हे असे का व्हावे, आणि लेखणी खाली ठेवणे हा आळस की धर्म, या प्रश्नाचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

लेखकाच्या धंद्याची एक अडचण प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. त्याच्या कामास दार नाही. दुकानदार फळ्या लावतो, गिरणीचा भोंगा होतो, न्यायाधीश आसन सोडून उठतात, आणि त्या त्या माणसाचे काम त्या त्या जागी राहते. लेखकाचे काम मात्र त्याच्या बरोबर घरभर हिंडते. तो जेवायला बसला की अडलेले वाक्य पानाशेजारी येऊन बसते. तो देवापुढे हात जोडतो आणि जोडलेल्या हातांमागे परिच्छेदांची जुळवाजुळव चाललेली असते. लिहीत नसताही तो मोकळा नसतो, आणि मोकळा नसल्यामुळे नीट लिहीतही नाही. मनाला येणारा ताण हा पुष्कळदा कामाच्या भारापेक्षा या न संपणेपणाचा असतो.

यावर कोणी म्हणेल, लेखकाचा कसला आला आहे शीण! आमच्या जिल्ह्यात कापूस पिकतो. वेचणीच्या दिवसांत बायाबापड्या पहाटे शेतात जातात, वाळलेल्या बोंडांची टोके बोटांना टोचतात, कंबर वाकलेली ती दिवस मावळेपर्यंत सरळ होत नाही. त्यांच्यासमोर सावलीत बसून लिहिणाऱ्याने विश्रांतीची भाषा बोलावी, हे शोभते काय? आक्षेप खरा आहे, आणि तो ऐकून लेखकाने थोडे शरमावे हेही बरेच. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. वेचणी करणारीस विसावा मिळत नाही, ही तिच्यावर होणाऱ्या अन्यायाची गोष्ट झाली. विसावा अनावश्यक आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. ज्या शेतकऱ्याला स्वतःला क्वचितच सवड मिळते, तोच शेतकरी पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळदीने व लोण्याने मळतो, आणि अमावास्येच्या दिवशी काही झाले तरी त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाही. बैलाने सुटी मागितलेली नसते. खांदा भरून आल्याचे त्याला सांगताही येत नाही. म्हणूनच ती सुटी पंचांगात लिहून ठेवलेली आहे. दमलेल्याने आपण दमलो हे स्वतः ओळखावे, असा भरवसा आपल्या पूर्वजांनी कोणावर ठेवला नाही. तो का ठेवला नाही, हे आम्हांस एका प्रसंगाने कळले.

काही वर्षांपूर्वी एका विशेषांकासाठी आम्ही आमच्या भागातील एका दिवंगत कीर्तनकारांवर लेख लिहिला. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवर त्यांची कीर्तने होत. १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली. किनवट व राजुरा हा आमच्या जिल्ह्याचा मराठी भाग मुंबई राज्यात गेला आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात आले. तेव्हा अलीकडची काही मराठी कुटुंबे पलीकडे जाऊन राहिली. लेखासाठी आम्ही महिनाभर माहिती जमविली होती, टिपणे काढली होती. परंतु प्रत्यक्ष लिहिण्याची वेळ आली ती एका लांबलेल्या दाव्याच्या उलटतपासणीच्या आठवड्यात. दिवसभर न्यायालयात उभे राहावे व रात्री लेख लिहावा, अशा तीन रात्री काढल्या, आणि तिसऱ्या रात्री दोनच्या सुमारास तो पुरा करून पहाटेच्या टपालासाठी बांधून ठेविला. त्यात आम्ही लिहिले होते की, पुनर्रचनेनंतर बुवांनी आपल्या वाट्याची जमीन पलीकडे घेतली व ते गाव सोडून गेले. त्यांच्या जाण्याने अलीकडचे मराठी कीर्तन पोरके झाले. वाक्य मोठे डौलदार साधले होते.

अंक निघाल्यावर पंधरा दिवसांनी बुवांची कन्या आमच्या बैठकीत आली. सत्तरीकडे झुकलेल्या बाई. हातात अंक होता, त्यात त्या पानावर खुणेची दोरी घातलेली. बसल्या, पाणी प्याल्या, आणि म्हणाल्या, “वकीलसाहेब, लेख फार छान लिहिलाय तुम्ही. एवढंच की, सोडून गेले ते आमचे काका. बाबा इथंच राहिले होते.” पुढे काही बोलल्या नाहीत. दोष दिला नाही, दुरुस्तीही मागितली नाही. त्या गेल्यावर आम्ही जुनी टिपणे काढून पाहिली. आमच्याच अक्षरात तेथे स्पष्ट लिहिलेले होते: धाकटे बंधू गेले, बुवा राहिले. चाळीस वर्षे ज्या माणसाने राहण्याचीच प्रतिष्ठा सांभाळली, त्याला आम्ही एका डौलदार वाक्यात गावातून घालवून दिले होते.

त्या दिवसापासून या प्रश्नाचे रूप आमच्यापुरते बदलले. तोवर आम्ही समजत होतो की, थकलेला लेखक वाईट लिहितो, आणि ते त्याच्या स्वतःच्याच कीर्तीचे नुकसान आहे. ते सोसायचे की नाही हे त्याने ठरवावे. परंतु त्या लेखाची भाषा वाईट नव्हती. उलट ती नेहमीपेक्षा अधिक सफाईदार होती. शिणाने प्रथम भाषा जात नाही, प्रथम जाते ते पाहणे. लिहिण्याचा हात सवयीने चालत राहतो. ज्याच्याविषयी लिहावयाचे तो मनुष्य मात्र डोळ्यांपुढून निघून जातो व त्याच्या जागी वाक्यास सोयीची अशी एक आकृती येऊन उभी राहते. तेव्हा लेखकाची विश्रांती हा केवळ त्याच्या प्रकृतीचा प्रश्न नव्हे. तो ज्यांच्याविषयी लिहितो त्यांच्याशी न्यायाने वागण्याचा प्रश्न आहे. आणि प्रश्न न्यायाचा म्हटला की, तो ज्याच्या त्याच्या लहरीवर सोडून भागत नाही. त्याला नियम लागतो.

असा नियम आपल्या परंपरेत आहे, आणि त्याला नावही आहे: अनध्याय. वेदाध्ययनासारखे पवित्र कर्म. ते अखंड चालावे असेच कोणास वाटेल. तरी स्मृतिकारांनी ते केव्हा थांबवावे याचे तपशीलवार नियम घालून दिले आहेत. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा व अमावास्या या तिथींस अध्ययन बंद. हे झाले नित्य अनध्याय. ते आधीच ठाऊक असतात. यांखेरीज नैमित्तिक अनध्याय वेगळे. याज्ञवल्क्यस्मृतीत असे तात्कालिक अनध्याय ३७ मोजलेले आहेत. वादळ सुटले, धुळीचा लोट उठला, धुके पडले, दुर्गंधी आली, मनुष्य धावत असला वा नावेत बसलेला असला, कोणी शिष्ट पाहुणा घरी आला, म्हणजे तेवढ्या वेळेपुरते अध्ययन थांबवावयाचे. या यादीत काही माणसांच्या सान्निध्याचाही दोष गणलेला आहे. तो भाग आज कोणीही न्यायी मनुष्य स्वीकारणार नाही, आणि स्वीकारू नये. परंतु त्याच यादीत आणखी एक कारण आहे, ते आम्ही पुनःपुन्हा वाचले. कोणा आर्ताचा, म्हणजे संकटात सापडलेल्या माणसाचा, शब्द कानावर आला तरी पाठ थांबवावा, असे तेथे सांगितले आहे.

यातला अभिप्राय आम्हांस मोठा मोलाचा वाटतो. वेद म्हणणाऱ्याने आपल्याच स्वरात इतके बुडून जाऊ नये की शेजारचे रडणे त्याला ऐकू येऊ नये. अध्ययन थांबते ते अध्ययनाचा कंटाळा आला म्हणून नव्हे; कान मोकळा व्हावा म्हणून. आणि दुसरी गोष्ट अशी की, अनध्यायाच्या दिवशी सर्वच थांबते असे नाही. वेदांगांचा अभ्यास, नित्याचा स्वाध्याय व होमाचे मंत्र यांस अनध्याय लागू नाही, असे मनुस्मृतीच सांगते. म्हणजे मुख्य व कष्टाचे काम थांबले तरी त्याच्या भोवतीची लहान, हलकी कामे चालू राहतात. वाद्य पेटीत ठेवण्यापूर्वी तारा सैल कराव्यात, पण काढून टाकू नयेत, तसे हे आहे. लेखकाने हे आपल्यास लावून पाहावे. लेख बंद ठेवला तरी वाचन, पत्रलेखन, टिपणांची जुळणी, जुन्या शब्दांची चौकशी ही त्याची वेदांगे चालू राहू शकतात.

आमच्या धंद्याच्या कायद्यातही याच भेदाची छाया दिसते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याचे चौथे कलम असे की, दाव्याची मुदत ज्या दिवशी संपते त्या दिवशी न्यायालय बंद असेल, तर ते उघडेल त्या दिवशी दावा दाखल करता येतो. पक्षकारास क्षमा मागावी लागत नाही, कारण द्यावे लागत नाही. त्याच्या पुढचेच पाचवे कलम मात्र निराळे. न्यायालय उघडे असता ज्याने अपिलास उशीर केला, त्याने पुरेसे कारण दाखवावयाचे, विलंब माफ करण्याचा अर्ज करावयाचा. आणि तो मान्य करणे न करणे न्यायाधीशांच्या हाती. न्यायालये याबाबत उदारही असतात. १९८७ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने विलंबाच्या अर्जाकडे किचकटपणाने न पाहता न्यायबुद्धीने पाहावे असे सांगितले आहे. तरी अर्ज तो अर्जच, आणि अर्जदाराची मान खालीच. आमच्या मते लेखकाला विश्रांती घेताना जी टोचणी लागते तिचे मूळ येथे आहे. तो चौथ्या कलमाची सुटी कधी ठरवून ठेवीत नाही, आणि मग जन्मभर पाचव्या कलमाखाली अर्ज करीत राहतो: संपादकाकडे, घरच्यांकडे, आणि सर्वांहून कठोर अशा स्वतःच्या मनाकडे. जी विश्रांती आधी नेमलेली आहे तिला क्षमा लागत नाही. जी कोसळल्यावर घेतली जाते ती विश्रांती नव्हेच. तो विलंब असतो.

येथे आमच्या व्यवसायातील एका थोर पुरुषाचे स्मरण होते. महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे हे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली करीत. व्यवहारमयूख या ग्रंथाच्या संपादनास एक प्रस्तावना लिहावी, एवढाच त्यांचा मूळ संकल्प. त्यातून धर्मशास्त्राचा इतिहास हा प्रचंड ग्रंथ उभा राहिला. त्याचा पहिला खंड १९३० साली निघाला, दुसरा १९४१ साली, तिसरा १९४६ साली, चौथा १९५३ साली. पाचवा पुरा झाला तो १९६२ साली, काण्यांच्या वयाच्या ८२ व्या वर्षी. पुढील वर्षी त्यांस भारतरत्न मिळाले. पहिल्या व दुसऱ्या खंडांत ११ वर्षांचे अंतर आहे, हे आजच्या घाईत वाचणाऱ्यास खरे वाटणार नाही. या अंतरात ते रिकामे नव्हते; वकिली, अध्यापन, संशोधन चालूच होते. परंतु जो मनुष्य ३२ वर्षे एका कामात टिकतो, त्याने आपली चाल पहिल्या कोसातच ठरविलेली असली पाहिजे. अनध्यायाचा सविस्तर विचारही आम्ही प्रथम त्यांच्याच ग्रंथात वाचला. मुंबईत नोकरी करीत कोकणीची पडती बाजू सावरणारे वामन रघुनाथ वर्दे वालावलीकर, म्हणजे शणै गोंयबाब, हेही याच जातीचे. पोटाचा उद्योग सांभाळून भाषेची सेवा करणाऱ्यांची ही परंपरा आपल्या दोन्ही भाषांत आहे, आणि तिचा धडा धावण्याचा नसून टिकण्याचा आहे.

परंतु कोणी म्हणेल की, काही कामे थांबवता येत नाहीत. दैनिकाचा छापखाना वाट पाहत नाही. घरातील सर्व आटोपल्यावर रात्री लिहिणाऱ्या गृहिणीस तर लिहावयास मिळणारा तो एक तासच विसावा असतो. हे खरे आहे. यास उत्तर शोधताना आमच्या मनापुढे पंढरपूर येते. आषाढीची व कार्तिकीची यात्रा भरते तेव्हा विठ्ठलाचा पलंग शेजघरातून काढून ठेवितात. देव निजत नाही. अहोरात्र दर्शन चालू राहते, कारण दारात लक्षावधी माणसे उभी असतात आणि त्यांना परतवणे देवालाही उचित वाटत नाही, अशी ही भावना. मात्र देवाच्या पाठीशी लोड दिला जातो. आणि यात्रा सरली की मुहूर्त पाहून प्रक्षाळपूजा होते: पायांस लिंबूसाखर चोळतात, गरम पाण्याने स्नान घालतात, पलंग पुन्हा जागेवर येतो, रात्री औषधी काढ्याचा नैवेद्य होतो. देवाला शिणवटा येतो की नाही, हा वाद तत्त्वज्ञांनी करावा. ज्यांनी ही पूजा योजिली त्यांना एवढे निश्चित ठाऊक होते की, सेवेसाठी जागावे लागते ते जागावे. परंतु जागरण झाले ही गोष्ट लपवू नये, आणि त्याची भरपाई भक्तांनीच, ठरल्या दिवशी, प्रेमाने करावी. ज्या घरातील बाई रात्री लिहिते, त्या घराने तिच्या पाठीशी लोड दिला काय, हा प्रश्न तिला विचारण्याचा नसून घराला विचारण्याचा आहे.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. विश्रांतीच्या नावाखाली जे चालते ते सर्व विश्रांती नव्हे. लिहिणे नको म्हणून मनुष्य उठतो आणि हातातील दूरध्वनीवर दोन तास दुसऱ्यांचे वाद वाचीत बसतो; परत येतो तो अधिक थकलेला व वर चिडलेला. अनध्याय मोठ्या हौसेने पाळणारे आणि अध्ययनाच्या दिवशी न सापडणारे शिष्य प्रत्येक काळी असतातच. म्हणून विसाव्यालाही माप हवे. आहार, विहार, निद्रा व जागृती या सर्वांत ज्याचे माप सुटले नाही त्यालाच योग साधतो, असे गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. तेथे जागरण निंद्य ठरविलेले नाही व झोपही नाही. निंद्य आहे ते माप सुटणे.

हे माप कसे असावे, याची एक कथा आमच्याच भागात आहे. गोदावरीच्या काठचे बासर येथील सरस्वतीचे मंदिर २०१६ पर्यंत आमच्या आदिलाबाद जिल्ह्यात होते. जिल्ह्याची विभागणी झाल्यापासून ते निर्मल जिल्ह्यात आहे. स्थलपुराण असे सांगते की, कुरुक्षेत्रावरील संहारानंतर उद्विग्न झालेले व्यासमुनी शांतीच्या शोधात दंडकारण्यात आले व येथे राहिले. नित्य गोदावरीत स्नान करून ते तीन मुठी वाळू आणीत व तीन ठिकाणी ठेवीत. त्या वाळूतून सरस्वती, लक्ष्मी व काली यांच्या मूर्ती झाल्या. आणि व्यासांच्या नावावरूनच या गावास आजचे नाव पडले, असे लोक मानतात. आपण या कथेकडे इतिहास म्हणून न पाहता लेखकाच्या दृष्टीने पाहू. एवढे मोठे युद्ध ज्याच्या मनात पेटले होते, त्या ग्रंथकाराला लोकांनी शांतीसाठी कोठे नेले? निद्रेकडे नव्हे, विस्मृतीकडे नव्हे. नदीकडे नेले, आणि रोज करता येईल असे लहानसे काम त्याच्या हाती दिले. तीन मुठी वाळू. चौथी नाही. ते काम शब्दांचे नव्हते, त्यात कोणाची वाहवा नव्हती, आणि उद्याचे आज उरकण्याची त्यात सोयही नव्हती. आज त्याच मंदिरात वसंतपंचमीस आईबाप आपल्या लेकरांना अक्षराभ्यासासाठी आणतात. पुरोहित मुलाचे बोट धरून पहिले अक्षर गिरवून घेतात आणि मग बोट सोडून देतात. त्या दिवसाचा धडा तेवढाच असतो.

आम्ही आता आमच्यापुरते काही नियम केले आहेत. अमावास्येस व पौर्णिमेस लेख लिहीत नाही. ज्या आठवड्यात मोठ्या दाव्याचे काम असेल त्या आठवड्यात कोणाही हयात वा दिवंगत व्यक्तीविषयी मजकूर पुरा करीत नाही. पुरा झालेला लेख एक पक्ष कपाटात राहतो, आणि टिपणांशी ताडून पाहिल्यावाचून टपालात पडत नाही. संपादकांना हे आरंभीच कळवितो; त्यामुळे मागाहून क्षमा मागावी लागत नाही. काही संपादकांनी आम्हांस लेख मागणे सोडले, हेही येथे सांगितले पाहिजे. नियमाची किंमत द्यावी लागते. ती देण्याची तयारी नसेल तर तो नियम नव्हे.

बुवांविषयीची दुरुस्ती आम्ही पुढील अंकात स्वतःच्या नावाने छापविली आणि तो अंक घेऊन त्यांच्या कन्येच्या घरी गेलो. पौर्णिमेचा दिवस होता, लेखणी बंद होती, परतण्याची घाई नव्हती. बाईंनी वडिलांची कीर्तनाची वही बाहेर काढली. आम्ही काही लिहून घेतले नाही. त्या वाचीत होत्या, आम्ही दिवेलागणीपर्यंत ऐकत बसलो.